काचपट्टीवरील मुलूख
(सूक्ष्मदर्शक प्रतिमांचे संगणकाच्या पडद्यावरील अवलोकन या विषयावरील भाषणाचा मजकूर)



निपाणीचे नाव घेतले की प्रथम तंबाखू आठवते. दूधगंगा-वेदगंगेच्या या परिसरात विडीच्या तंबाखूचे पीक पिढ्यान्‌पिढ्या होत आले. या पिकाने येथील बाजारपेठ वाढविली, वखारी उभ्या केल्या आणि घराघरांतून विड्या वळणाऱ्या हातांना रोजगार दिला. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथेच मोठे आंदोलन केले. खकाणा नाकातोंडात घेत दिवसभर तंबाखू कुटणाऱ्या आणि चाळणाऱ्या वखारींतील स्त्रियांनीही त्याच सुमारास आपली संघटना बांधली. भावाचा आणि मजुरीचा हिशेब असा जाहीरपणे मांडला गेला. तंबाखूचा आणखी एक हिशेब मात्र कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. तो काचेच्या एका लहान पट्टीवर लिहिलेला असतो आणि तो वाचता येण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. ही काचपट्टी आता संगणकाच्या पडद्यावर कशी वाचली जाते, आणि सीमाभागातील रुग्णाला त्याचा काय उपयोग आहे, हा आजचा विषय आहे.

एक नेहमीचे उदाहरण

उदाहरणादाखल पन्नाशीच्या एखाद्या विडी कामगार स्त्रीची कल्पना करावी. लहानपणापासून तिला मशेरी लावण्याची सवय आहे. गालाच्या आतल्या बाजूस तिला एक पांढरा चट्टा दिसू लागतो. तो दुखत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. काही महिन्यांनी तेथे जखम होते आणि ती भरून येत नाही. हळद लावून पाहिली जाते, तुरटीच्या गुळण्या होतात. अखेरीस दंतवैद्य तोंडात पाहतात आणि जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. पुढे काय करावयाचे हे सर्वस्वी त्या तुकड्याच्या अहवालावर अवलंबून असते. तोंडाचा कर्करोग प्रारंभीच ओळखला गेला तर तो बरा होण्याची शक्यता बरीच अधिक असते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया मोठी होते आणि आशा कमी होते. म्हणून त्या तुकड्याचा प्रवास किती दिवस चालतो, या प्रश्नावर त्या स्त्रीचे आयुष्य अवलंबून राहते.

तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध नव्याने कळलेला नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा वाहणारे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढील वर्षी तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण खालच्या ओठाआड धरून ठेवण्याच्या सवयीने त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाकडेही त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह लक्ष वेधले. त्या पिढीने हे सर्व ज्ञान डोळ्याला सूक्ष्मदर्शक लावून, एकेक काचपट्टी हाताने सरकवीत मिळविले. आजचे साधन बदलले असले तरी वाचावयाचा मजकूर तोच आहे.

काचपट्टी कशी तयार होते

शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. नंतर त्यातील पाणी काढून त्याच्या जागी मेण भरतात आणि मेणाची एक वडी करतात. या वडीचे धारदार पात्याने अत्यंत पातळ काप घेतात. असा काप साधारण चार मायक्रॉन जाडीचा असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांपैकी चार भागांइतका. हा काप काचपट्टीवर पसरून त्यास दोन रंग देतात. एका रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी दिसतो. निरोगी ऊतीत पेशींचे थर शिस्तीत बसलेले असतात. कर्करोगात ही शिस्त मोडते. केंद्रके मोठी व वेडीवाकडी होतात आणि पेशींची बेटे आपली हद्द ओलांडून खालच्या थरात शिरलेली दिसतात. हे अतिक्रमण झाले आहे की नाही, आणि झाले असल्यास किती खोलवर झाले आहे, हे पाहणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे काम होय.

पूर्वी, आणि अनेक ठिकाणी आजही, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर काचपट्टी स्वतःच प्रवासाला निघते. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याहून दूर आणि मुंबई तर रात्रभराच्या वाटेवर. काचपट्ट्यांची पेटी आणि मेणाच्या वड्या रुमालात बांधून, एस.टी.त मांडीवर सांभाळीत मुंबईला नेणारे नातेवाईक या भागातील अनेकांनी पाहिले असतील. काच फुटते, चिठ्ठी पुसट होते, पेटी गहाळ होते. शिवाय एकाच वेळी दोन तज्ज्ञांनी दोन गावांत बसून ती पट्टी पाहणे अशक्यच असते.

एका नखाएवढ्या तुकड्यातील ३६० कोटी ठिपके

यावर उपाय म्हणून संपूर्ण काचपट्टीचे छायाचित्र घेणारी यंत्रे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होऊ लागली. हे यंत्र काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली थोडी थोडी सरकवीत तिचे असंख्य लहान फोटो किंवा अरुंद पट्टे टिपते आणि ते एकमेकांस जोडून एक सलग प्रतिमा तयार करते. येथवर ऐकताना काम सोपे वाटते. अडचण पुढे आहे, आणि ती प्रतिमेच्या आकारमानाची आहे.

संगणकावरील कोणतीही प्रतिमा बारीक ठिपक्यांची बनलेली असते. मोठ्या वर्धनाने काढलेल्या प्रतिमेत प्रत्येक ठिपका ऊतीवरील पाव मायक्रॉन जागा दाखवितो, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत चार हजार ठिपके बसतात. काचपट्टीवरील काप १५ मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर एका बाजूस ६०,००० आणि दुसऱ्या बाजूस ६०,००० ठिपके होतात. त्यांचा गुणाकार ३६० कोटी. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन अंक साठवावे लागतात. तेव्हा संक्षेप न करता ही एकच प्रतिमा दहा गिगाबाइटांहून मोठी होते. छपाईच्या चांगल्या दर्जाने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या प्रमाणात, ती कागदावर उतरविली तर १६ फूट ८ इंच लांब आणि तितकाच रुंद कागद लागेल. घरातील एखाद्या मोठ्या खोलीची जमीन त्याने झाकून जाईल.

नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके मावतात. त्या हिशेबाने ही प्रतिमा पूर्ण वर्धनात पाहावयाची तर सतराशेहून अधिक पडदे भरतील. प्रत्येक पडद्यावर केवळ दोन सेकंद नजर टाकली तरी एका काचपट्टीस जवळजवळ एक तास लागेल. आणि एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या काचपट्ट्या एक-दोन नसून पुष्कळ असतात. सारी प्रतिमा एकदम संगणकाच्या स्मृतीत ओढू गेल्यास साधा संगणक थांबूनच जाईल. ती दूरध्वनीच्या तारेवरून किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून पूर्ण येण्याची वाट पाहावयाची, तर तज्ज्ञाचा दिवस त्यातच संपेल.

नकाशाची जुनी युक्ती

या अडचणीतून काढलेला मार्ग सीमाभागातील जनतेला अपरिचित नाही. जमिनीच्या मोजणीत तो पूर्वापार रुळलेला आहे. जिल्ह्याचा नकाशा पाहताना कोणी प्रत्येक बांध पाहत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गावचा नकाशा, त्यात सर्वे नंबर, आणि अगदीच गरज पडली तर हिस्स्याची मोजणी, अशा पायऱ्यांनी माणूस आपल्या शेतापर्यंत पोहोचतो. ज्याला एका हिश्श्याचा बांध पाहावयाचा आहे, तो सगळ्या जिल्ह्याचे बांधांचे नकाशे कचेरीतून घरी नेत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रक-पद्धतीत हीच योजना अधिक काटेकोरपणे केलेली आढळते. चार अंश लांब व चार अंश रुंद अशा प्रदेशास एक क्रमांक दिलेला आहे. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग पाडून त्यांस इंग्रजी अक्षरे दिली आहेत. त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग करून त्यांस १ ते १६ असे अंक दिले आहेत. या पद्धतीने निपाणी ४७ एल या पत्रकात येते आणि त्यातही सातव्या भागात. बेळगाव मात्र ४८ आय या पत्रकात येते. एक अंक, एक अक्षर आणि पुन्हा एक अंक एवढ्यावर विस्तीर्ण देशातील नेमका तुकडा हाती येतो.

काचपट्टीच्या प्रतिमेचेही असेच तुकडे पाडतात. सामान्यतः २५६ ठिपके लांब व २५६ ठिपके रुंद असा एक चौकोनी तुकडा असतो. घराच्या जमिनीवर फरश्या बसवाव्यात तसे हे तुकडे शेजारी शेजारी बसतात. वरील प्रतिमेत एका ओळीत २३५ आणि अशा २३५ ओळी, म्हणजे एकूण ५५,२२५ तुकडे होतात. प्रत्येकास ओळ आणि स्तंभ यांचा पत्ता असतो. पडद्यावर एका वेळी यांपैकी पन्नासच्या आसपासच तुकडे मावतात. म्हणून संगणक तेवढेच तुकडे मागवितो. बाकीचे पंचावन्न हजार जेथे साठविले आहेत तेथेच राहतात.

चतकोराचा हिशेब

परंतु तज्ज्ञाला प्रथम संपूर्ण काप एका दृष्टिक्षेपात पाहावयाचा असतो. त्यासाठी ५५,२२५ तुकडे मागवून ते लहान करीत बसणे व्यर्थ होय. म्हणून प्रतिमा साठवितानाच तिच्या लहान प्रती तयार करून ठेवतात. पहिली मूळ प्रत ६०,००० ठिपक्यांची, दुसरी ३०,००० ची, तिसरी १५,००० ची, मग ७,५००, ३,७५०, १,८७५ आणि शेवटी साधारण ९३८ ठिपक्यांची. ही सातवी प्रत पडद्यावर पूर्ण मावते. सर्वांत मोठी प्रत तळाशी आणि सर्वांत लहान माथ्याशी ठेवली तर पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा होतो. या प्रत्येक पायरीचेही तसेच २५६ ठिपक्यांचे तुकडे पाडलेले असतात. म्हणून तुकड्याचा पूर्ण पत्ता तीन अंकांचा होतो : कोणती पायरी, कोणता स्तंभ, कोणती ओळ. तालुका, गाव आणि सर्वे नंबर म्हणावेत तसा.

एवढ्या प्रती ठेवल्याने साठवण कितीतरी पटींनी वाढेल अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर भाकरीच्या उदाहरणाने कळते. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या की क्षेत्र एक चतुर्थांश होते. मूळ प्रत म्हणजे एक भाकरी. दुसरी तिचा चतकोर. तिसरी त्या चतकोराचा चतकोर. आणि असेच पुढे. हे सारे चतकोर एकत्र केले तरी बेरीज भाकरीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जात नाही. एक तृतीयांश जागा अधिक दिली की सगळा मनोरा उभा राहतो, आणि त्या बदल्यात कोणत्याही वर्धनाची प्रतिमा क्षणात पडद्यावर येते. प्रत्येक तुकड्याचा संक्षेप केलेला असल्यामुळे एका पडद्यास साधारण एक मेगाबाइटच्या आसपास माहिती पुरते. खेड्यातील मोबाइलचे जाळेही एवढा भार पेलू शकते. २००५ पासून संगणकावर आणि पुढे मोबाइलवर जे सरकते नकाशे घराघरांत पोहोचले, त्यांच्यामागे हीच युक्ती आहे. वाट शोधण्यासाठी बोटाने नकाशा सरकविणाऱ्या तरुणाने हे तंत्र नकळत हाताळलेले आहे.

पडद्यावरून फिरण्याची रीत

साधन मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. एवढ्या मोठ्या प्रतिमेत माणूस वाट चुकतो. मोठ्या वर्धनात सर्वत्र गुलाबी आणि जांभळेच दिसते, आणि आपण कापाच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत याचे भान राहत नाही. म्हणून चांगल्या दर्शक-प्रणालीत पडद्याच्या एका कोपऱ्यात संपूर्ण कापाचे लहान चित्र सतत दिसते आणि त्यावर सध्या पाहत असलेली जागा एका चौकटीने दाखविलेली असते. शेजारी मोजपट्टी असते, म्हणजे दिसणारी वस्तू किती मोठी आहे याचा अंदाज चुकत नाही.

अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ ठरलेल्या क्रमाने पाहतो. प्रथम अगदी लहान वर्धनात तो काचपट्टीवर ऊतीचे किती तुकडे आहेत ते मोजतो. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण फिकट रंगाचा एखादा तुकडा यंत्राच्या नजरेतून सुटू शकतो. वडीतून आलेल्या तुकड्यांची संख्या आणि पडद्यावरील संख्या जुळलीच पाहिजे. दुसऱ्या पायरीस मध्यम वर्धनात तो सगळा काप फिरून पाहतो. शेत नांगरताना बैल एका तासाने जातात आणि शेजारच्या तासाने परत येतात, मध्ये पट्टी सुटू देत नाहीत. तशीच ही फेरी असते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढलेली असावी. तिसऱ्या पायरीस, संशय आलेल्या जागी तो मोठ्या वर्धनाने उतरतो, पेशी न्याहाळतो, तेथे खूण करतो आणि पुन्हा वर येऊन फेरी पुढे चालू करतो. खुणेच्या जागेवरून फेरी पुढे न नेता तेथेच थांबणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय.

खूण करण्याची सोय हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. पूर्वी काचेवर शाईचा ठिपका देत किंवा सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरील मापाचे आकडे टिपून ठेवीत. आता प्रतिमेवर रेघ ओढून तेथेच शेरा लिहिता येतो, आणि मुंबईचा तज्ज्ञ ती खूण उघडताच नेमक्या त्याच जागी पोहोचतो. अंतर मोजता येते. तोंडाच्या कर्करोगात रोग किती खोल गेला आहे यास मोठे महत्त्व आहे. २०१७ पासूनच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर या खोलीच्या मर्यादा रोगाची पायरी ठरविताना विचारात घेतल्या जातात. वरील प्रतिमेत ५ मिलिमीटर म्हणजे बरोबर २०,००० ठिपके. योग्य जागी रेघ ओढली की संगणक हे अंतर लगेच सांगतो. ती योग्य जागा निवडणे मात्र तज्ज्ञाच्याच हाती राहते.

सांध्यावर दिसणारे

सर्वेक्षणाच्या नकाशात ७४ अंश ३० मिनिटांची रेखा बेळगावच्या परिसरातूनच जाते आणि त्या रेखेवर दोन पत्रकांची कड येते. त्यामुळे सारा परिसर पाहू इच्छिणाऱ्याला दोन पत्रके शेजारी शेजारी जुळवून ठेवावी लागतात. पत्रक फाटते म्हणून शहर फाटत नाही. प्रतिमेच्या तुकड्यांचेही तसेच आहे. एखादी पेशी दोन तुकड्यांच्या कडेवर येऊ शकते. दर्शक-प्रणाली ते तुकडे बिनचूक शेजारी मांडते आणि पाहणाऱ्याला सांधा जाणवत नाही. तथापि संगणकाकडून पेशींची मोजणी करून घेताना, एकेक तुकडा स्वतंत्रपणे तपासला तर कडेवरील पेशी दोनदा मोजली जाण्याचा किंवा मुळीच न मोजली जाण्याचा धोका असतो. म्हणून मोजणीसाठी तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घेतात.

याहून निराळा दोष छायाचित्र घेतानाच राहू शकतो. काप सर्वत्र सपाट नसेल तर काही भाग अस्पष्ट येतो. जोडकाम चुकले तर पेशींची रांग मध्येच तुटल्यासारखी दिसते. असा अस्पष्ट भाग मोठा करून पाहिल्याने स्पष्ट होत नाही. तेथे पुन्हा छायाचित्र घेणे किंवा मूळ काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच उपाय. काप जाड घेतला, रंग नीट बसला नाही किंवा काप दुमडला, तर कितीही महाग यंत्र असले तरी प्रतिमा वाईटच येणार. म्हणून कापणारा, रंगविणारा प्रयोगशाळा-तंत्रज्ञ हा या साऱ्या रचनेचा पाया होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सूक्ष्मदर्शकावर मोबाइल धरून काढलेले चार-दोन फोटोही दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येतात, आणि काहीच नसेल तेथे त्यांचा उपयोगही होतो. परंतु कोणत्या जागेचे फोटो काढावयाचे हे पाठविणाराच ठरवितो. ज्याला शंका आहे म्हणून तो मत मागतो, त्याच्याच निवडीवर मत अवलंबून राहते. दोष नेमका न पाठविलेल्या कोपऱ्यात असेल तर तज्ज्ञ कितीही जाणकार असला तरी व्यर्थ. संपूर्ण काचपट्टीच्या प्रतिमेत तज्ज्ञ स्वतः सर्वत्र फिरू शकतो. या दोहोंतील हा भेद रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

अधिकारीवर्गाने पाहावयाच्या बाबी

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पडद्यावरून प्रथम निदान करण्यासाठी अशा एका यंत्रणेस एप्रिल २०१७ मध्ये मान्यता दिली. भारतातही मोठ्या कर्करोग रुग्णालयांतून ही पद्धत वापरात आली आहे. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथे राष्ट्रपतींच्या हस्ते कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटनही झाले. शल्यचिकित्सेच्या सोयी जवळ येत असताना निदानाची सोयही तितकीच जवळ यावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र खरेदीची घाई करण्यापूर्वी काही प्रश्न विचारले जावेत.

पहिला प्रश्न साठवणीचा. एका काचपट्टीस संक्षेपानंतर एक गिगाबाइट धरले आणि दिवसाला ५० काचपट्ट्या, वर्षाचे ३०० दिवस असे काम धरले, तर वर्षास १५,००० गिगाबाइट होतात. त्यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी लागते. दुसरा प्रश्न प्रतिमेच्या स्वरूपाचा. एकाच कंपनीच्या प्रणालीत उघडणारी प्रतिमा घेतल्यास उद्या कंपनी बदलताच जुना सारा संग्रह बंद पेटीसारखा होतो. वैद्यकीय प्रतिमांसाठी सर्वमान्य असलेल्या डायकॉम या संकेतात संपूर्ण काचपट्टीच्या प्रतिमेची तरतूद २०१० पासून आहे. त्याचा आग्रह धरावा. विनामूल्य मिळणाऱ्या मुक्त दर्शक-प्रणालीही उपलब्ध आहेत. तिसरा प्रश्न गुप्ततेचा. काचपट्टीच्या कडेस रुग्णाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते आणि यंत्र तिचाही फोटो घेते. अध्यापनासाठी प्रतिमा देताना तो भाग काढून टाकलाच पाहिजे. लहान गावात नाव कळणे म्हणजे सर्व कळणे होय.

चौथा प्रश्न विश्वासाचा, आणि त्याची कसोटी ठरलेली आहे. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक प्रयोगशाळेने निदान सुरू करण्यापूर्वी किमान ६० रुग्णांच्या काचपट्ट्या एकदा सूक्ष्मदर्शकाखाली आणि एकदा पडद्यावर, मध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवून, त्याच तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. दोन्ही निदाने शंभरात ९५ पेक्षा कमी वेळा जुळली तर कारण शोधावे. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतील यशावर विसंबून ही पायरी टाळू नये.

शिक्षकांसाठी एक पाठ

शाळेत महाग यंत्रे नसली तरी हे तत्त्व मुलांना सहज शिकविता येते. गावच्या मोठ्या नकाशावर पुठ्ठा ठेवावा आणि पुठ्ठ्यास दोन इंची चौकोनी खिडकी पाडावी. त्या खिडकीतूनच पाहत, पुठ्ठा सरकवीत देऊळ, शाळा आणि पाण्याची टाकी शोधावयास मुलास सांगावे. नंतर त्याच नकाशाची वहीच्या पानाएवढी प्रत शेजारी ठेवून पुन्हा तोच शोध घेण्यास सांगावे. दोन्ही वेळा लागलेला वेळ फळ्यावर मांडला की लहान नकाशाचे महत्त्व मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सूक्ष्मदर्शकातून दाखविताना आलेखाच्या कागदावर ओळ आणि स्तंभ लिहून प्रत्येक मुलाकडून एकेक चौकोन काढून घ्यावा आणि सर्व चौकोन भिंतीवर जोडावेत. सांधे कोठे जुळले आणि कोठे चुकले, यावरून मुले मोजमापातील काटेकोरपणा शिकतील.

ग्रामस्थांसाठी

काचपट्टीची प्रतिमा काही क्षणांत मुंबईस पोहोचेल. परंतु काचपट्टी तयार होण्यासाठी माणूस प्रथम दवाखान्यात पोहोचला पाहिजे. त्या प्रवासाला अजून कोणतेही यंत्र नाही. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरून न येणे, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, कारण नसताना दात हलू लागणे, मानेला गाठ येणे, यांपैकी काहीही आढळले तर दुखण्याची वाट पाहू नये. प्रारंभीचा रोग बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तो फसवितो. मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना आणि विडी सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ हा विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. आरशात स्वतःचे तोंड पाहावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. घरातील स्त्रियांनी, विशेषतः विड्या वळणाऱ्या आणि वखारीत राबणाऱ्या भगिनींनी, महिन्यातून एकदा उजेडात उभे राहून ही पाहणी करावी. गालाची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालील जागा, हिरड्या आणि ओठ, असा क्रम ठरवून घ्यावा, म्हणजे कोणतीही जागा सुटत नाही.

निपाणीच्या त्या स्त्रीच्या गालातील चट्टा तांदळाच्या दाण्याएवढा असतानाच दिसला, तर तिच्या काचपट्टीवर हद्द न ओलांडलेली पेशींची रांग आढळण्याची आशा असते. मुंबईत पडद्यापुढे बसलेला तज्ज्ञ तेव्हा माथ्यापासून तळापर्यंत सगळ्या पायऱ्या उतरून, कोपरान्‌कोपरा फिरून, अतिक्रमण नाही असा शेरा लिहू शकेल, आणि लहानशा उपचारावर व व्यसन सोडण्यावर काम भागेल. तो शेरा लिहिता यावा इतक्या लवकर तिला घराबाहेर काढणे, हे तिच्या घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, गावच्या शिक्षकांचे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम आहे.